जुनें नांव, नवे साथीदार

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलनें देहूरोड व बेगडेवाडी हीं स्टेशनें मागें टाकलीं, म्हणजे तळेगांवच्या अलीकडे घोरावाडी नांवाचें एक लहानसें स्टेशन लागतें. उतारू थोडे, गाडी थांबते तीहि क्षणभरच. शाळेच्या नोकरींतून निवृत्त झाल्यापासून आमचें वास्तव्य ह्याच परिसरांत, घोराडेश्वराच्या डोंगराच्या सोबतींत आहे. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा शिक्षणासाठीं आमच्याकडेच राहतो आणि रोज लोकलनें पुण्याच्या कॉलेजांत जातो-येतो. त्याच्या खांद्यावर पुस्तकांच्या पिशवीहून मोठी अशी गिटार असते, आणि गाडींतील नेहमींचे उतारू त्याला तिच्यावरूनच ओळखतात.

गेल्या श्रावणांत एके संध्याकाळीं तो घरीं आला तो नेहमींप्रमाणें स्वयंपाकघरांत डोकावला नाहीं. गिटार त्यानें कपाटाच्या माथ्यावर, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याशेजारीं ठेवून दिली. जेवतांना एवढेंच म्हणाला, “काका, आमचा बँड संपला.”

हकीकत अशी होती. चार मित्रांनीं मिळून तीन वर्षांपूर्वीं एक बँड काढला होता. स्वतःचीं सात-आठ गाणीं रचलीं होतीं, व त्यांचा संग्रह तयार करून प्रसिद्ध करावयाचा असा बेत होता. इतक्यांत ड्रम्स वाजविणाऱ्या मुलाला पुढील शिक्षणासाठीं जर्मनीस जाण्याचें ठरलें. उरलेल्या तिघांपैकीं दोघे म्हणत, दुसरा वादक पाहूं व काम पुरें करूं. आमच्या चिरंजीवांचें म्हणणें निराळें. नांव चौघांनीं ठेवलें. चौघे राहिले नाहींत, तर तें नांव मिरविण्याचा अधिकार कोणाला? “नवा मुलगा आणून जुनं नांव लावणं म्हणजे लबाडी आहे, काका.”

वडीलकीच्या संवयीनें आम्हीं म्हणालों, “बरें झालें, आतां अभ्यासाला वेळ मिळेल.” त्यावर आमच्या कुटुंबानें आमच्याकडे अशा दृष्टीनें पाहिलें कीं, पुढचा घांस आम्हांस गोड लागला नाहीं. आणि चिरंजीवांनीं मान वर न करतां विचारलें, “तुमचं एकादशीचं भजन का बंद पडलं, काका?”

ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं त्या रात्रीं दिलें नाहीं. तें लेखाच्या शेवटीं देऊं. परंतु मुलाची शंका पोरकट नव्हे, एवढें आम्हांस पटलें. मंडळी बदलली म्हणजे मंडळ तेंच राहतें काय? न्यायशास्त्रांत शोभावा असा हा प्रश्न आहे. म्हणून दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्याला विचारलें, “ह्या प्रसंगांतून आपल्याकडे पूर्वीं कोणी गेलें आहे काय?” तो म्हणाला, “इंडस क्रीड.” आणि पुढील पंधरा दिवस, जेवणानंतर ओसरीवर, आमचें ह्या विषयाचें शिक्षण सुरू झालें. मास्तर तो आणि विद्यार्थी आम्ही.

प्रथम हें समजून घ्यावयास हवें कीं, रॉक बँड म्हणजे काय. आपल्या ख्यालाच्या मैफलींत गवई प्रमुख असतो. तबलजी आज एक, उद्यां दुसरा. साथ बदलली तरी गाणें गवयाचेंच राहतें. नाटकांतील पदांना चाल आधींच ठरलेली असते. बँडाची रीत निराळी. तेथें चार-पांच जणांनीं एका खोलींत महिनोन्महिने तालीम करून गाणें घडवावयाचें असतें. एकानें गिटारीवर स्वरांची एखादी जुळणी छेडावी, दुसऱ्यानें तिला ठेका द्यावा, तिसऱ्यानें खालून खर्जाचा आधार धरावा, आणि शब्द पुष्कळदां सर्वांच्या मागून यावे. तेव्हां गाणें कोणाचें, असें विचारलें तर खरें उत्तर ‘सर्वांचें’ हेंच असतें.

त्यांतहि ड्रम्स आणि बास गिटार हीं दोन वाद्यें घराच्या पायासारखीं. ड्रम्स वाजविणारा उजव्या पायानें मोठ्या ढोलावर आघात करितो. त्या आघाताशीं बासचा खर्ज अचूक जुळला, म्हणजे बाकीच्यांना उभें राहावयास भूमि मिळते. हीं दोन माणसें वर्षानुवर्षें एकत्र वाजवून एकमेकांचा श्वास ओळखूं लागतात. म्हणून बँडांतून गवई गेला तर चेहरा बदलतो, परंतु हे दोघे गेले तर घराचा पायाच बदलतो. श्रोत्यांना हें दिसत नाहीं. वाजविणारांना मात्र पहिल्या क्षणापासून जाणवतें.

आतां इंडस क्रीडची कथा. मुंबईंत १९८४ सालीं ‘रॉक मशीन’ ह्या नांवानें हा बँड निघाला. गिटारीवर महेश तिनईकर, बासवर मार्क सेल्विन. उदय बेनेगल ह्यांचा कंठ थोड्याच काळांत त्यास लाभला. जयेश गांधी हे दुसरे गिटारवादक, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर, मार्क मेनेझिस ड्रम्सवर. त्या काळीं आपल्याकडील बँड बहुधा विलायती गाणीं जशींच्या तशीं वाजवीत, आणि जो हुबेहूब वाजवील तो श्रेष्ठ, असा श्रोत्यांचाहि दंडक होता. ह्या मुलांनीं इंग्रजींतच, पण स्वतःचीं गाणीं रचण्याचा आग्रह धरला. मुंबईच्या धोबी तलावाजवळील रंगभवनाच्या उघड्या प्रेक्षागारांत ह्या संगीताच्या श्रोत्यांची एक पिढी तयार झाली, ती ह्याच सुमारास. १९८८ सालीं ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ व १९९० सालीं ‘द सेकंड कमिंग’ असे त्यांचे दोन संग्रह निघाले.

१९९३ सालीं त्यांनीं नांव बदलून ‘इंडस क्रीड’ असें ठेवलें. यंत्राचें नांव टाकून सिंधु नदीचें नांव घेतलें, हें आमच्यासारख्या संस्कृताच्या मास्तरास रुचल्यावांचून कसें राहील? त्याच वर्षीं ‘प्रिटी चाइल्ड’ ह्या गाण्याच्या चित्रफितीस एमटीव्हीचें आशियांतील प्रेक्षकांच्या पसंतीचें पारितोषिक मिळालें. १९९५ सालीं ‘इंडस क्रीड’ ह्याच नांवाचा संग्रह प्रसिद्ध झाला. आणि १९९७ सालीं बँड मोडला. बेनेगल व गांधी न्यूयॉर्कला गेले व तेथें ‘आम्स फॉर शांति’ नांवाचा निराळा उद्योग त्यांनीं मांडला. इतर आपापल्या मार्गाला लागले. मुंबईच्या एका पिढीच्या तरुणपणाचा जणूं हा एक अध्यायच समाप्त झाला.

तेरा वर्षांनीं, म्हणजे २०१० सालीं, हे लोक पुन्हां एकत्र आले. पण सर्व नव्हे. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे तिघे जुने होते. बास गिटार रुषाद मिस्त्री ह्यांनीं घेतली व ड्रम्स जय रो कवी ह्यांनीं. म्हणजे आम्ही वर ज्यास पाया म्हटलें, तो सगळाच नवा. आणि तो घालणारे दोघेहि वयानें बरेच लहान. जुन्या संग्रहानंतर सतरा वर्षांनीं, २०१२ सालीं, ह्या पांच जणांनीं आपला नवा संग्रह काढला. त्याचें नांव ‘इव्हॉल्व्ह’. गाणीं आठ. ध्वनींचें अंतिम मिश्रण टिम पामर ह्या नामांकित इंग्रज तंत्रज्ञाकडून करविलेलें.

वाचकहो, ह्या पुनर्मीलनांत एक सोपा मार्ग त्यांना मोकळा होता, हें ध्यानांत घ्यावें. जुन्या गाण्यांचे जलसे करावे, चाळिशी ओलांडलेल्या श्रोत्यांनीं आपलें कॉलेज आठवून टाळ्या वाजवाव्या, आणि नव्या दोघांनीं जुन्या दोघांची नक्कल करावी. तसें करणारे बँड जगांत पुष्कळ आहेत, आणि त्यांचें पोटहि चांगलें भरतें. परंतु ह्यांनीं तालमीच्या खोलींत बसून नवीं गाणीं रचलीं. नव्या वादकांना केवळ जागा भरण्यास न बोलावतां रचनेंतच वांटेकरी केलें.

चिरंजीवांनीं आम्हांस प्रथम १९८८ चा संग्रह ऐकविला, मग १९९५ चा, आणि शेवटीं हा. आमचा कान अभंग व नाट्यपदें ह्यांवर पोसलेला. प्रारंभीं सर्व गोंगाटच वाटला, हें कबूल करितों. परंतु तिसऱ्या-चौथ्या वेळेस भेद दिसूं लागला. पहिल्या संग्रहांत वीस-बाविशींतील उतावीळ आहे; प्रत्येक गाणें दाराला धडक देऊन आंत शिरतें. ‘इव्हॉल्व्ह’मध्यें घाई नाहीं. गाणें आपला वेळ घेतें, मध्येंच ठेका पालटतें, गिटारीला मनसोक्त फिरूं देतें आणि पुन्हां घरीं आणतें. त्यांत ‘फायरफ्लाइज’ म्हणजे ‘काजवे’ ह्या नांवाचें एक गाणें आहे. तें ऐकतांना आम्हांस मावळांतील ज्येष्ठअखेरच्या रात्री आठवल्या. कवीच्या मनांत मावळ नसेल. आमच्या मनांत होतें. आणि आवाज? तो तोच, पण वीस वर्षें अंगावर काढलेला. चिरंजीवांस आम्हीं विचारलें, “नवा ड्रम्सवाला जुन्यासारखा वाजवितो काय?” तो थोडा थांबून म्हणाला, “नाही. म्हणूनच बरं वाटतं.” हें उत्तर त्यानें आम्हांस दिलें कीं स्वतःस, हें आम्हीं विचारलें नाहीं.

हा प्रसंग इंग्रजी गाणाऱ्या मुलांवरच येतो असें नव्हे. आपल्या संगीत रंगभूमीचा इतिहास अशाच प्रसंगांनीं भरलेला आहे. १९१३ सालीं बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस हे किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडले व त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. तेव्हां घराघरांत हाच वाद झाला असेल: किर्लोस्करांचें नांव मोठें, कीं गाणारे गेले ते मोठे? पण आमच्या प्रश्नाला अधिक जवळचें उदाहरण ललितकलादर्शाचें. १९०८ सालीं केशवराव भोसले ह्यांनीं ती मंडळी काढली. जुलै १९२१ मध्यें बालगंधर्वांसह संयुक्त ‘मानापमाना’चा तो गाजलेला प्रयोग झाला, आणि तीनच महिन्यांनीं, ऑक्टोबरांत, ऐन तारुण्यांत केशवराव वारले. ज्या कंठावर मंडळी उभी होती तो कंठच गेला. धुरा बापूराव पेंढारकरांच्या खांद्यावर आली. मंडळीनें १९२२ सालीं मामा वरेरकरांचें ‘सत्तेचे गुलाम’ हें नवें नाटक रंगभूमीवर आणलें, आणि ललितकलादर्शाची कीर्ति त्या व पुढील नव्या नाटकांनीं राखली. गेलेल्यांच्या स्मृतीला जपून त्यांच्या गादीवर बसणें निराळें, आणि त्यांची नक्कल करणें निराळें; बापूराव पहिला मार्ग चालले.

विलायतेंतहि तेंच. एसी-डीसी ह्या बँडाचा गवई बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्यें वारला. ब्रायन जॉन्सन ह्या नव्या गवयाला घेऊन त्याच वर्षीं जुलैंत त्यांनीं ‘बॅक इन ब्लॅक’ हा संग्रह काढला. वेष्टन शोकाचें म्हणून काळें, आणि आरंभ घंटेच्या गंभीर टोल्यांनीं. जगांत सर्वाधिक खपलेल्या संग्रहांपैकीं तो एक आहे. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ बँडांत असीम चक्रवर्ती तबला वाजवीत आणि गातहि. डिसेंबर २००९ मध्यें ते निवर्तले, तेव्हां त्या एका माणसाच्या जागीं दोघे आले: गावयास हिमांशु जोशी आणि तबल्यास तुहीन चक्रवर्ती. पुढें २०१३ सालीं संस्थापक गिटारवादक सुस्मित सेन हेहि बाहेर पडले. त्यांच्या जागीं निखिल राव आले आणि २०१४ सालीं ‘तंदानू’ हा नवा संग्रह निघाला. एकाची जागा भरावयास दोन माणसें लागतात, हें कबूल करण्यांत गेलेल्याचा केवढा सन्मान आहे!

आतां मूळ शंकेकडे वळूं. यास्काचार्यांनीं निरुक्ताच्या आरंभीं सहा भावविकार सांगितले आहेत. वस्तु जन्मते, असते, पालटते, वाढते, क्षीण होते आणि नाश पावते. ह्यांतील तिसऱ्याला ते ‘विपरिणमते’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ असा देतात कीं, आपल्या तत्त्वापासून न ढळतां वस्तूचें पालटणें. पालटणें हें नाशाच्या रांगेंत नसून ‘असणें’ आणि ‘वाढणें’ ह्यांच्या मध्यें बसविलेलें आहे, हें वर्गांत शिकवितांना आम्हीं शेंकडों वेळां सांगितलें असेल. पण त्याचें मर्म आम्हांस मुंबईच्या ह्या बँडानें दाखविलें. ‘इव्हॉल्व्ह’ ह्या शब्दाला शाळेच्या कोशांत ‘उत्क्रांत होणें’ असा प्रतिशब्द मिळेल. आम्ही त्यास ‘विपरिणमते’ म्हणूं.

मग बँडाचें तत्त्व तें कोणतें? केवळ नांव नव्हे, कारण ह्या मंडळींनीं स्वतःचें नांवहि एकदां बदललें होतें. केवळ माणसेंहि नव्हेत. एकत्र बसून स्वतःचें, नवें, खरें कांहीं रचावयाचें, हा १९८४ नंतर त्यांनीं धरलेला आग्रह हेंच त्यांचें तत्त्व. आणि तें २०१२ सालीं ढळलेलें नव्हतें. उलट, सगळीं जुनीं माणसें परत आलीं असतीं आणि केवळ जुनीं गाणीं उगाळीत बसलीं असतीं, तर माणसें तींच असूनहि बँड संपलेला असता. नांवाची पाटी तेवढी राहिली असती. आमच्या दारासमोरील घोराडेश्वराच्या डोंगरांत लेणीं आहेत. तीं बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेलीं. पुढें तेथें शिवलिंग आलें, आणि आज महाशिवरात्रीस यात्रा भरते. रहिवासी बदलले, उपास्य बदललें. पण निवांत बसून मन एकाग्र करण्याची जागा हें त्या खडकाचें काम बदललें नाहीं.

ह्याला एक दुसरी बाजू आहे, ती लपवूं नये. कांहीं मंडळें संपावीं हेंच बरें असतें. जेथें गेलेल्यांचें नांवहि कोणी घेत नाहीं, त्यांनीं रचलेलें आपलें म्हणून विकतात, आणि नवागतास वांटेकरी न करतां मजूर म्हणून राबवितात, तेथें चिरंजीवांचा ‘लबाडी’ हा शब्द यथार्थ आहे. म्हणून आम्हीं त्याला कसोटी सांगितली ती ही: गेलेल्या मित्राचें नांव त्याच्या गाण्यांवर राहूं द्या, आणि नव्या मुलाला जुन्याच्या जागीं बसवूं नका, स्वतःच्या जागीं बसवा.

उपदेश करून झाला, आणि मग त्याच्या त्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर देणें आम्हांस भाग पडलें. देहू येथून फार लांब नाहीं. भंडाऱ्याचा डोंगरहि जवळच. ह्या मुलुखांत भजन हवेंतच आहे. आम्हां सात-आठ जणांचें एकादशीचें भजन वीस वर्षांवर चाललें. आमचे पखवाजवाले स्नेही वारले, तेव्हां गांवांतला एक तरुण मुलगा आपण होऊन येऊं लागला. हात तयार होता. पण ठेका थोडा चढा, आणि बोल निराळे. आम्हीं त्याला दर वेळीं सांगावें, “असें नव्हे, ते असें वाजवीत.” चार एकादशा तो आला. पांचवीला आला नाहीं. आम्ही मनांत म्हणालों, आतां त्यांच्यासारखा पखवाज होणें नाहीं. आणि टाळ खुंटीला लावले. ह्याला आम्ही आजवर मित्रनिष्ठा समजत होतों. ती निष्ठा नव्हती. आमचा हट्ट होता. मित्र गेला तो दैवगतीनें. भजन गेलें तें आमच्यामुळें.

हें आम्हीं ओसरीवर सांगितलें तेव्हां चिरंजीव कांहीं बोलला नाहीं. आठ दिवसांनीं गिटार कपाटावरून खालीं आली. आतां रविवारीं आमच्या मागच्या पडवींत तालीम असते. नवा मुलगा चिंचवडहून येतो. ड्रम्सचा संच आणण्यास टेम्पो लागतो, आणि शेजाऱ्यांस आधीं सांगून ठेवावें लागतें. जर्मनीच्या मित्राचें नांव जुन्या गाण्यांवर राहणार आहे. “त्याला जुनं वाजवायला लावलं नाही, काका,” चिरंजीव सांगत होता. “आधी एक नवं करतोय.” आमच्या कुटुंबानें तालमीच्या दिवशीं पोह्यांचें प्रमाण वाढविलें आहे.

आणि आम्हीं? तो पखवाजवाला मुलगा आतां मुलगा राहिला नाहीं. तळेगांवच्या औद्योगिक वसाहतींत नोकरी करितो, दोन लेंकरांचा बाप आहे. त्याच्या घरीं आम्ही स्वतः गेलों, झालें तें सांगितलें आणि म्हणालों, “तुम्ही तुमच्या हातानें वाजवा, आम्ही आमचे टाळ त्याशीं जुळवून घेऊं.” तो संकोचला, पाळी कोणती पडते तें पाहून कळवितों म्हणाला. काल त्याचा निरोप आला: कार्तिकी एकादशीस येतों. टाळांना गंज चढला होता. चिंच लावून ते आम्हीं आजच घासून ठेवले आहेत.